सख्खा म्हणजे कोण

मी खोटे दात बनवते. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांची मापं येतात. त्यात मी प्लास्टर ओतते, साचा काढते, गुलाबी मेणात एकेक दात बसवते आणि शेवटी घासूनपुसून असे चकचकीत करून पाठवते की म्हातारी माणसं आरशासमोरून हलत नाहीत. लोक त्यांना खोटे म्हणतात. म्हणू देत. घास त्यांनीच चावला जातो, फोटोत हसायला तेच लागतात. खरे कधीच पडून गेलेले असतात. त्यामुळे खरं काय नि खोटं काय यावर मला कोणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आणि त्या वर्षी तर जो तो तेच शिकवायला येत होता.

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या, दादाच्या कामावरच्या तर चांगल्या दणकट असायच्या, पण ‘सावत्र’ म्हणायचं नाही. चुकून जरी तोंडातून गेलं तरी त्या माणसाने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. हा कायदा आमच्या साहेबांनी केला होता. साहेब तेव्हा दुसरीत होत्या.

साहेब म्हणजे माझी भाची. माझा मोठा भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे अडकलेल्या लिफ्टमधून माणूस काढण्याइतकं कठीण. लग्नाचं वय उलटून चाललं होतं, आम्ही सगळ्यांनी नाद सोडला होता, आणि एका इमारतीत लिफ्ट बंद पडली म्हणून गेला तो तिथे काम करणाऱ्या बाईशी लग्न ठरवूनच परत आला. वहिनीचा पहिला नवरा आजारपणात गेला होता, पोरगी नुकती पावलं टाकत होती तेव्हा. ते कुणी लपवलं नाही. त्याचा फोटो कपाटात असायचा आणि साहेब तो हवा तेव्हा काढून बघायची.

ती पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तीन वर्षांची होती. दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि दादाला म्हणाली, “ए काका, बूट बाहेर काढ.” दादाने मुकाट्याने बूट काढले आणि म्हणाला, “काढले, साहेब.” तेव्हापासून ती साहेब. मी लग्नबिग्न केलेलं नाही, आतल्या खोलीत माझा पलंग होता, त्यातला अर्धा साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बळकावला.

मग ती दुसरीत असताना वर्गातल्या कुणा पोरीने तिला सांगितलं की तुझे बाबा सख्खे नाहीत, सावत्र आहेत. साहेब घरी आली, दप्तर भिरकावलं आणि जेवत बसलेल्या दादासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, सख्खा म्हणजे काय?”

वहिनी नि मी एकमेकींकडे बघायला लागलो. दादाने घास गिळला. मग पाणी प्यायला. मग म्हणाला, “सख्खा म्हणजे सोबतचा. जो सोबत राहतो तो सख्खा.”

“आणि सावत्र?”

“सोडून जातो तो.”

“तू सोडून जाणार?”

“नाही.”

“मग तू सख्खा.”

“हो,” दादा म्हणाला आणि त्याने भात वाढायला सांगितला.

हा काही त्या शब्दांचा अर्थ नव्हे, एवढं मलाही कळत होतं. मी तोंड उघडलंसुद्धा, पण वहिनीने टेबलाखालून असा चिमटा काढला की मी गप्प बसले. संध्याकाळपर्यंत कायदा तयार झाला होता. पहिली भांडी मीच घासली. शेजारणीला फोनवर सगळी हकीकत सांगताना शब्द तोंडातून गेला, नि साहेब दारामागेच उभी.

त्याच वर्षी दादाने तिला कोर्टातून रीतसर दत्तक घेतलं. वकील म्हणाला, गरज काय, तुमच्याच घरात आहे की. दादा म्हणाला, “उद्या कुणी विचारलं तर कागद असावा.” कागद झाला. पुढे धाकटा जन्मला. तो सगळ्या खेळांत ताईच्या मागे मागे, आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर कधी राज्य नाही, म्हणून त्याचं नाव पडलं लिंबूटिंबू. त्याचं झालं लिंबू. सावत्र भाऊ, अर्धा भाऊ, असलं काही आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

साहेब सोळाची झाली तेव्हा दादाला परदेशातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तिकडे म्हणे इमारती उंच आणि लिफ्टवाले कमी. कायमचं राहता येईल, पुढे नागरिकत्वही मिळेल, बायकोमुलं बरोबर नेता येतील. वहिनी कधी नव्हे ती गाणं गुणगुणायला लागली. मी मात्र त्या रात्री पलंगाच्या साहेबांच्या अर्ध्या भागाकडे बघत जागी राहिले. पण मी तोंडाने म्हणाले, “जा बाई एकदाच्या, माझा अख्खा पलंग मला मिळू दे.”

कागदपत्रांसाठी एक सल्लागार गाठला. मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा, टेबलावर काच, काचेखाली झेंडेच झेंडे. बडबड्या होता, पण माणूस वाईट नव्हता. साहेबांची फाइल उलटसुलट करून तो म्हणाला, “अहो, हिच्यासाठी एक सोडून दोन दोन दरवाजे उघडे आहेत. बायकोची आधीची मुलगी म्हणून नेता येते, आणि कोर्टाने दत्तक दिलेली म्हणूनही नेता येते. जन्मदाते वडील हयात नाहीत, म्हणजे कुणाची संमती आणायची भानगड नाही. दत्तक लहानपणी घेतलेली, वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहिलेली. इतकी स्वच्छ केस मी बघितली नाही. लोक माझ्याकडे येतात ते भाच्याला मुलगा दाखवून, पुतणीला लेक दाखवून. मग माझ्या डोक्याला ताप. तुम्हाला मी काही शिकवणारच नाही. जे विचारतील ते खरं सांगा. बास.”

त्यांनी तेच केलं.

मुलाखतीला चौघं गेली. मी लॅबमध्ये होते, त्यामुळे मला नंतर चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं, पण गोष्ट एकच. एका खोलीत दादा, दुसऱ्या खोलीत साहेब, वहिनी लिंबूला घेऊन बाहेर बाकावर. समोरचे अधिकारी त्यांच्या भाषेत विचारणार, आणि आपल्या भाषेत सांगायला एक दुभाषी बाई. दादाला तिने विचारलं, “ही आपली सख्खी मुलगी का?” दादा म्हणाला, “हो, सख्खी.” मग ती बाई दुसऱ्या खोलीत गेली आणि साहेबांना विचारलं, “हे आपले सख्खे वडील का?” साहेब म्हणाली, “सख्खेच.” बाईने पुन्हा विचारलं, “नक्की? सावत्र नव्हेत?” आता ज्या पोरीने स्वतः त्या शब्दाला बंदी घातली तिला तुम्ही हे विचारता! साहेबांना राग आला. ती म्हणाली, “हे कुणी सांगितलं तुम्हाला? एकदम खोटं आहे ते.”

झालं. फाइलमध्ये लिहिलेलं दत्तक, आणि दोघंही छातीठोकपणे सांगतात सख्खी. त्यांना संशय आला की कागदावरची मुलगी वेगळी आणि समोर आणून बसवलेली वेगळी. दुसऱ्याच कुणाची पोर कागदावरच्या पोरीच्या जागी घुसवतायत. दादाला मंजुरी आली, वहिनीला आली, लिंबूला आली. साहेबांच्या नावापुढे आलं, मुलाखतीत खोटी माहिती दिल्यामुळे नामंजूर.

सल्लागाराने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, एक शब्द! सावत्र म्हणायला काय जात होतं तुमचं?”

“मी खोटं बोललो नाही,” दादा म्हणाला.

“बोललात! त्यांच्या लेखी बोललात!”

“मी खोटं बोललो नाही,” दादा पुन्हा म्हणाला. मान खाली, हाताची बोटं चोळत. त्या बोटांना कायम वंगणाचा वास असतो.

मी तिथे भडकले. सल्लागारावर नाही, दादावर. आयुष्यभर तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि काढलंस ते एवढं एकच, आणि तेही नको तिथे! मी त्याला वाटेल ते बोलले. वहिनी रडत होती. साहेब खुर्चीत ताठ बसून काचेखालचे झेंडे बघत होती. घरी येताना ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि कुणाची तिला हाक मारायची हिंमत होत नव्हती.

सल्लागाराने मार्ग सांगितला तो असा. साहेबांचा अर्ज पुन्हा करता येईल, पण वर्ष गेल्यानंतर. अठरा पूर्ण व्हायच्या आत मात्र झाला पाहिजे, नंतर ती मोठी, मग आईबापाच्या फाइलवर तिला जाता येणार नाही. आणि तो अर्ज टिकायला दादा तिकडे कामावर रुजू झालेला हवा. म्हणजे दादा न गेला तर कुणीच कधी जाणार नाही. वहिनीचा नि लिंबूचा परवानाही थोड्या महिन्यांचाच, तेवढ्यात तिकडे पाऊल टाकलं नाही तर तोही रद्द.

“मी नाही जात,” दादा म्हणाला. तो खरोखरच जाणार नव्हता. दोन दिवस त्याने तिकीटवाल्याचा फोन उचलला नाही.

शेवटी निकाल साहेबांनीच दिला. जेवताना. “जा तुम्ही सगळे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. मी आत्याकडे राहते. इथे बसून रडत राहिलात तर कुणालाच काही मिळणार नाही.” सोळा वर्षांची पोर, आणि बोलली अशी की तिलाच आमची कीव आली होती.

लिंबूने ताटातून मान वर केली. “आई, आता ताई लिंबूटिंबू झाली का? खेळायचं, पण धरायचं नाही?”

वहिनी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

सल्लागाराने बजावलं होतं की आता तरी पोरीची तयारी करून घ्या, पुढच्या वेळी जीभ अडखळता कामा नये. म्हणून जायच्या आधीच्या रविवारी स्वयंपाकघरात तयारी झाली. दादा झाला अधिकारी. वहिनीने त्याला चष्मासुद्धा लावायला दिला, म्हणजे जरा हसू यावं. साहेब समोर बसली.

“हे गृहस्थ तुझे कोण?” दादाने स्वतःच्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं.

“बाबा.”

“कसले बाबा?”

साहेब नखाने टेबल खरवडत राहिली.

“सांग की. तुझे सावत्र…” दादाच अडला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “सावत्र वडील म्हण. मला काही वाटणार नाही. वरवर म्हणायचं फक्त.”

“वरवर कसं म्हणतात, बाबा?”

“जसं मी आत्ता म्हणालो तसं.”

तिने दोनदा तोंड उघडलं नि मिटलं. मग मान फिरवून, खिडकीकडे बघत, एका दमात म्हणाली, “ते माझे सावत्र वडील आहेत.” आणि उठली. आम्हाला वाटलं खोलीत जाऊन दार लावून घेईल. ती मोरीपाशी गेली, बाह्या वर केल्या आणि ढीगभर पडलेली भांडी एकेक घेऊन घासायला लागली. थोड्या वेळाने दादा उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शब्द त्याच्याही तोंडातून गेला होता. दोघांनी मिळून सगळी भांडी घासली, कोरडी केली, फळीवर लावली. वहिनी आणि मी तिथेच बसून होतो, आणि मला इतकं रडू आलं की मी लिंबूलाच ओरडले, उगाच, पाय हलवू नकोस म्हणून.

विमानतळावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “वन्सं, मी दोन महिन्यांत परत येते. लिंबूची शाळा लागली की लगेच. हे राहतील तिकडे, मी येते.” एरवी ती मला चिडवायलाच वन्सं म्हणते. त्या दिवशी चिडवत नव्हती. ती खोटं बोलत होती असं मी आजही म्हणणार नाही. तिला तेव्हा तसंच वाटत होतं.

दादाने साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. “साहेब, येतो.”

“हो.”

“सोडून नाही जात.”

“माहीत आहे,” साहेब म्हणाली.

दोन महिन्यांचे चार झाले. तिकडे गेल्यावर कळलं की पहिल्या वर्षात त्या देशाबाहेर पाय ठेवला तर वहिनीच्या कायम राहण्याच्या परवान्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मग दादाला एकट्याच्या पगारात भागेना म्हणून तिने एका कपडे धुण्याच्या कारखान्यात काम धरलं. मग लिंबू तिकडची भाषा बोलायला लागला आणि रोज शाळेतून कुणाला तरी मारून यायला लागला, म्हणून त्याला सोडता येईना. प्रत्येक कारण खरं होतं. मी एकही कारण खोटं पाडू शकले नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात. साहेब फोनवर म्हणायची, “हो आई, चालेल आई.”

साहेब कॉलेजमधून थेट माझ्या लॅबमध्ये यायची. कोपऱ्यात अभ्यास, कंटाळा आला की मला मदत. कुणाच्या कवळीला कुठल्या रंगाचा दात, हे ठरवायला नमुन्यांची पट्टी असते. तिची नजर माझ्यापेक्षा तयार झाली. “आत्या, हे आजोबा सिगारेट ओढत असणार, इतके पांढरे दात लावलेस तर चोरी पकडली जाईल.” आम्ही हसायचो. दोघींचं बरं चाललं होतं, हे कबूल करायला हवं.

मग एका दुपारी तिच्या पोटात इतकं दुखायला लागलं की ती लॅबच्या फरशीवर आडवी झाली. अपेंडिक्स. ताबडतोब ऑपरेशन. हॉस्पिटलच्या काउंटरवर सही करायला मी गेले.

“आईवडील?”

“परदेशात.”

“तुम्ही कोण?”

“आत्या.”

“सख्ख्या?”

काउंटरवरचा माणूस पेन धरून थांबला होता. रक्ताचं म्हणाल तर तिचा नि माझा थेंबाचा संबंध नाही. स्ट्रेचर माझ्या शेजारीच होतं, तिने माझी ओढणी मुठीत धरून ठेवली होती. “सख्खी,” मी म्हणाले आणि सही ठोकली.

वहिनीला फोन केला. ती तिकडे हंबरडा फोडून रडली. दादा म्हणाला, “मी निघतो.” सल्लागार म्हणाला, निघाला तर नोकरीची अट मोडेल आणि पोरीचा पुढचा अर्ज बोंबलेल. दादा निघाला नाही. तिच्यासाठीच निघाला नाही. हे मला समजत होतं, मी साहेबांना समजावूनही सांगितलं. ती पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती.

“आत्या,” ती म्हणाली, “तू त्या माणसाला सख्खी म्हणालीस.”

“मग? काय म्हणू? शेजारीण?”

“नाही. बरोबर आहे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

ती बरी होऊन घरी आली, त्यानंतरच्या एका फोनवर मी तिथेच भाजी निवडत बसले होते. दादा तिकडून हूं हूं करत होता, नेहमीसारखा. साहेबांनी विचारलं, “तुम्ही जेवलात का?”

मी हातातलं काम थांबवलं. जन्मात तिने दादाला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तू, तुला, ए बाबा, इतकंच. तिकडून दादा म्हणाला, “जेवलो, साहेब. तू?”

“हो. तुम्ही तब्येतीची काळजी घ्या. ठेवते.”

ती चिडली असती, भांडली असती, फोन आपटला असता तर बरं झालं असतं. दूरच्या नात्यातल्या कुणाशी बोलावं तितक्या आदराने ती बोलली.

वर्ष झालं. नवा अर्ज गेला. सल्लागाराने या वेळी स्वतः घरी येऊन प्रश्नोत्तरं घेतली. “हे तुझे कोण?” “माझे सावत्र वडील.” साहेब न अडखळता म्हणाली. “वा!” सल्लागार खूष झाला. “बघा, सरावाने सगळं जमतं.” मी मोरीकडे बघितलं. भांडी होती. साहेब त्या दिवशी उठली नाही, आणि मी आपली समजूत घातली की सरावाचं कुणी मोजत नसेल.

एक गोष्ट सांगून टाकते. मला ती जायला हवी होती आणि मला ती जायला नको होती. तिच्यासाठी स्वेटर आणला, बॅग आणली, आणि दोन्ही पलंगाखाली अशी सरकवून ठेवली की मला रोज दिसू नयेत.

साहेब अजून अठराची नव्हती, त्यामुळे मुलाखतीला पालक म्हणून मला आत बसू दिलं. छोटीशी खोली, भिंती कोऱ्या, टेबलाच्या पलीकडे एक तरुण अधिकारी आणि त्याच्या शेजारी तीच दुभाषी बाई, गेल्या वर्षीची. तिने साहेबांना ओळखलं. आवाजात थोडी माया होती. तिलाही वाटत असावं की या वेळी पोरीचं काम व्हावं.

नाव, वय, कॉलेज झालं. मग बाईने दादाचा फोटो पुढे सरकवला. “हे तुझे कोण?”

“सावत्र वडील.”

“सख्खे नव्हेत?”

“नाही. सावत्र.”

“गेल्या वर्षी तू सख्खे म्हणाली होतीस.”

“तेव्हा ते सख्खे होते,” साहेब म्हणाली.

बाईने हे कसं सांगितलं कोण जाणे, बहुधा गाळूनच टाकलं. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि कागदावर एक खूण केली. माझा जीव भांड्यात पडला. बाई पण सैल झाली, आणि अगदी सहज, विचारायचं म्हणून तिने वहिनीचा फोटो पुढे केला.

“आणि या आई. या तर सख्ख्याच, नाही का?”

साहेबांनी फोटो हातात घेतला. वहिनी त्यात हसत होती, जुना फोटो, आमच्याच स्वयंपाकघरातला. साहेब बराच वेळ तो बघत राहिली. मला अचानक कळलं की ती आता काय म्हणणार. मी टेबलाखालून तिला चिमटा काढला, वहिनीने मला काढला होता तसाच.

“सावत्र,” साहेब म्हणाली.

बाई दचकली. “अगं, नीट ऐक. तुझी जन्मदाती आई विचारतेय मी. फाइलमध्ये तसंच लिहिलंय. घाई करू नकोस. सख्खी ना?”

“मला कळलंय तुम्ही काय विचारताय ते. मागच्या वेळी नव्हतं कळलं.” साहेबांचा आवाज शांत होता. “सावत्रच.”

अधिकाऱ्याने बाईकडे पाहिलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? उठून ओरडायला हवं होतं की पोरीचं डोकं फिरलंय, तिचं मनावर घेऊ नका. मी ओरडले नाही. मला आनंद झाला, आणि मला माझीच इतकी शरम वाटली की मी खाली बघितलं.

“मग तुझं सख्खं असं आहे तरी कोण?” बाईने विचारलं. हा काही अधिकाऱ्याचा प्रश्न नव्हता. तिचा स्वतःचाच होता.

साहेबांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईला ते सांगावं लागलं. अधिकाऱ्याने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, पण लिहायचं त्याने थांबवलं होतं. मग फाइल मिटली. फाइलमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा सल्लागार फुटपाथवर वाट बघत उभा होता. आमचे चेहरे बघून तो काही विचारायचा थांबला. माझा फोन वाजत होता. दादाचा. तिकडे काम सोडून, कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून करत असणार. मी फोन साहेबांपुढे धरला. तिने तो वाजू दिला. तो वाजायचा थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

“साहेब, हे काय केलंस गं,” मी म्हणाले. “आता पुन्हा कधी ते तुला…”

“चल, आत्या,” ती म्हणाली. तिने माझी पिशवी खांद्याला लावली आणि मला रस्ता ओलांडायला हाताला धरलं. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, “घरी गेल्यावर भांड्यांना हात लावू नकोस. आज माझी आहेत. उद्याची पण.”